भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताना: आधी भाडेकरू ठरवा, मग घर शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी, राहायला आईवडिलांचं घर आहे, बावीस लाख जमले आहेत आणि भाड्यातून हप्ता सुटेल असा एखादा फ्लॅट घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करायची आणि निकष काय लावायचे?

गेली बावीस वर्षं मी पुण्यात हेच करते आहे. आज माझे चार फ्लॅट भाड्याने आहेत, शिवाय परदेशात असलेल्या तीन नातेवाइकांचे फ्लॅट मी सांभाळते. म्हणून आधीच सांगते, भाड्यातून हप्ता सुटेल ही अपेक्षा डोक्यातून काढून टाका. पुण्या-मुंबईत कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटच्या भाड्यातून हप्ता सुटत नाही. हे ज्याला आधी कळतं तो नीट घर घेतो. ज्याला ताबा घेतल्यावर कळतं तो तीन वर्षांत वैतागून विकतो.

एका खऱ्या घराचाच हिशोब मांडते. गेल्या वर्षी भाच्यासाठी कर्वेनगरमध्ये एक वन बीएचके बघितला. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, मागणी ४८ लाख. एजंट म्हणाला, "सतरा हजार भाडं येतं ताई, सव्वाचार टक्के पडतात." सतरा हजार गुणिले बारा म्हणजे २ लाख ४ हजार. त्याला ४८ लाखांनी भागलं की खरंच सव्वाचार येतात. पण घर ४८ लाखांत पडत नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का ४८ हजार, वकील आणि शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून वकील देतो तो) २० हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार. रंग, गिझर, पंखे, ओट्याखालचे कप्पे, बाथरूमची दुरुस्ती असं धरून दीड लाख. बेरीज होते ५४ लाख ९ हजार.

आता भाड्याकडे बघा. वर्षात अकराच महिने भाडं येतं असं धरायचं, कारण एक भाडेकरू जातो, रंग होतो, दुसरा येतो, त्यात महिना सहज जातो. म्हणजे १ लाख ८७ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार आणि बिनभोगवटा शुल्क अडीच हजारांच्या आत (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ते घेते, आणि सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे लक्षात ठेवा). मिळकत कर १२ हजार, किरकोळ दुरुस्त्या १० हजार. दर दोन वर्षांनी एजंटला एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं, त्याचे वर्षाला साडेआठ हजार. हातात राहिले साधारण १ लाख २४ हजार. त्याला ५४ लाखांनी भागा. सव्वाचारचे २.३ टक्के झाले.

याच घरावर ८० टक्के, म्हणजे ३८ लाख ४० हजारांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ३३ हजारांच्या थोडा वर जातो. भाड्यातून सरासरी दहा हजार सुटतात. उरलेले तेवीस हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून. शिवाय सुरुवातीचे पंधरा-सोळा लाख तुमचेच, कारण बँक कर्ज घराच्या किमतीवर देते, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाही. ठेवीवर याहून जास्त व्याज मिळतं हे तर कुणीही सांगेल.

मग मी हे का करते? भाडं दर वर्षी थोडं वाढतं, हप्ता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. आठ-दहा वर्षांनी दोन्ही आकडे जवळ येतात आणि कर्ज फिटल्यावर महिन्याचं उत्पन्न उरतं. माझ्या पहिल्या फ्लॅटचं भाडं आज आमच्या दोघांचा घरखर्च चालवतं. पण त्यासाठी दहा-पंधरा वर्षं धरून बसावं लागतं, आणि घर घेताना किमतीत चूक झालेली चालत नाही. दहा वर्षं दर महिन्याला पगारातून वीस हजार घालण्याची तयारी नसेल, तर एक तर छोटं कर्ज काढा किंवा अजून थांबा.

निकषांकडे येताना माझी पद्धत उलटी आहे. लोक आधी फ्लॅट बघतात, मग भाडेकरू शोधतात. मी आधी भाडेकरू ठरवते. कुणाला देणार, तो कुठे काम करतो किंवा शिकतो, कामावर कसा जातो, किती भाडं देऊ शकतो, किती दिवस राहील, हे वहीत लिहून काढते. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटसाठी मी लिहिलं होतं: दोन नोकरी करणाऱ्या मुली किंवा नवं लग्न झालेलं जोडपं, दुचाकी एक किंवा दोन, चारचाकी नाही, महिना १६ ते १८ हजार, बसस्टॉप आणि भाजी चालत पाच मिनिटांवर. तिथे जवळच मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, दवाखाने आहेत, आणि कोथरूडच्या मेट्रो स्टेशनला दुचाकीवरून सहज जाता येतं. असं लिहिलं की दहातले सात फ्लॅट बघायच्या आधीच बाद होतात. मुली राहणार असतील तर तळमजला नको, गल्लीत रात्री दिवे हवेत. जोडपं असेल तर बाल्कनीत वॉशिंग मशीनची जागा आणि नळ हवा. टू बीएचकेच्या किमतीत जे जादा पैसे जातात ते भाड्यात परत येत नाहीत. कोथरूडात सव्वा कोटीच्या टू बीएचकेला तीस हजार मिळाले तर किंमत भाड्याच्या चारशे पटींच्या पुढे जाते.

यावरूनच माझा मुख्य आकडा निघाला आहे. सगळा खर्च धरून घर जेवढ्याला पडतं ती किंमत (मी तिला पडती किंमत म्हणते) महिन्याच्या भाड्याच्या तीनशे पटींच्या आत हवी. कर्वेनगरच्या फ्लॅटला १७ हजार गुणिले तीनशे म्हणजे ५१ लाख. उलटं मोजत गेलं की मूळ किंमत ४५ लाखांच्या आसपास येते. आम्ही ४५ च्या वर जायचं नाही असं घरातून निघतानाच ठरवलं होतं. हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, माझ्या अनुभवातून आलेला आहे. तुमचा आकडा २८० असेल किंवा ३२०. पण तो फ्लॅट बघायच्या आधी लिहिलेला असायला हवा. समोरच्या खिडकीतून डोंगर दिसायला लागला की माणूस स्वतःशीच घासाघीस करायला लागतो. हौसेला मोल नसतं, पण हे घर आपल्या हौसेसाठी नाही.

भाड्याचा आकडा एजंटकडून घेऊ नका. त्याच इमारतीत सध्या कोण किती देतं ते विचारा. वॉचमनला माहीत असतं, इस्त्रीवाल्याला माहीत असतं. विक्रीच्या किमतीसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे त्या सर्व्हे नंबरवरची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते, आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्या इमारतीत कितीचे व्यवहार झाले ते कळतं. कर्वेनगरला ४८ लाखांची मागणी होती, पण त्याच इमारतीतला तेवढाच फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ४४ ला गेला होता. तो कागद समोर ठेवल्यावर बोलणं सोपं झालं.

आता घर बघण्याबद्दल. यातच लोक सगळ्यात जास्त कमी पडतात. मी एकच घर तीनदा बघते: एकदा सकाळी सातला, एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा पावसात. कर्वेनगरचा फ्लॅट पहिल्यांदा बघायला आम्ही दुपारी गेलो होतो, ती भेट या तीनांत धरत नाही. सगळे दिवे लावलेले, उदबत्तीचा वास. दुसऱ्या वेळी मी सकाळी सातला गेले, कारण तेव्हा पाणी येतं. स्वयंपाकघरातला नळ आणि बाथरूमचा नळ एकदम सोडला, तेव्हा बाथरूमची धार करंगळीएवढी झाली. मग बेडरूममध्ये गेले. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी एक लाकडी कपाट अगदी चिकटून उभं होतं. मालकांना म्हटलं, जरा पुढे ओढता का? ते नको म्हणाले, मी थांबून राहिले. कपाट हलवलं तर मागचा प्लाय फुगून पोटासारखा बाहेर आलेला, आणि भिंतीवर वरपासून कमरेपर्यंत लोणा. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागली. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून गळत होतं. ही गळती आपल्या घरात रंग देऊन थांबत नाही, वरच्याने त्याची फरशी उकरू दिली तरच थांबते. म्हणून मी त्याच दिवशी वर जाऊन वरच्या आजींशी बोलले. त्यांचा मुलगा सोसायटीचा खजिनदार निघाला. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा करायचं त्याने लेखी दिलं, तेव्हाच आम्ही पुढे गेलो. फ्लॅट शेवटी ४५ ला झाला.

सोसायटीचा फळा वाचा. थकबाकीदारांची यादी, टँकरच्या जादा वर्गणीची सूचना, लिफ्ट बंद असल्याची सूचना, सगळं तिथे लावलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये किती टँकर लागले ते सेक्रेटरींना विचारा. बाणेर, वाकड, धायरी, आंबेगावच्या कितीतरी इमारतींत हा खर्च मेंटेनन्समध्ये दिसत नाही, वेगळा मागतात, आणि भाडेकरू तो द्यायला तयार नसतो. भाडेकरूंबद्दल ठराव आहे का, तेही विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. पण बॅचलर नकोत अशी हटून बसलेली कमिटी असेल, तर तुम्ही बरोबर असूनही दर अकरा महिन्यांनी भांडत बसाल. मी तशा इमारतीत जात नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे काम वकिलाचं आहे आणि त्यात काटकसर करू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, हवंच. सोसायटीच्या नावावर अभिहस्तांतरण (बिल्डरने जमीन-इमारतीची मालकी सोसायटीला देणं) किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने दिली नाही म्हणून सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवलेली मालकी) झालंय का ते बघा. जुन्या इमारतीत हे झालेलं नसेल तर उद्या पुनर्विकासात अडकाल. आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचा दाखला, तीस वर्षांचा शोध अहवाल हवा. पुण्यात आणखी एक अडचण वारंवार येते: फ्लॅट विकणारा परदेशात स्थायिक झालेला असतो. भारतात राहणाऱ्याकडून पन्नास लाखांच्या आतला फ्लॅट घेतला तर टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागत नाही, त्याहून महागाला १ टक्का कापावा लागतो. विकणारा अनिवासी असेल तर ही पन्नास लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि दरही कितीतरी जास्त असतो. न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. अशा व्यवहारात करसल्लागाराला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्यासाठी घेऊ नका असं मी ठामपणे सांगते, कारण ते मी केलेलं आहे. २०११ मध्ये हिंजवडीच्या बाजूला टू बीएचके बुक केला. २०१३ ला ताबा मिळणार होता, मिळाला २०१६ ला. तीन वर्षं व्याज गेलं आणि एक रुपया भाडं नाही. मग चार वर्षं बरी गेली. २०२० मध्ये टाळेबंदी झाली, घरून काम सुरू झालं आणि भाडेकरू जोडपं सामान घेऊन लातूरला गेलं. फ्लॅट नऊ महिने रिकामा होता. पुढचा भाडेकरू १९ हजारांऐवजी साडेतेरावर मिळाला. अख्खा परिसर एकाच प्रकारच्या नोकरीवर उभा असेल तर काय होतं, ते तेव्हा समजलं. त्याच वर्षी माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमधली परिचारिका एकही महिना चुकली नाही. २०१७ पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे, त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे. पण आजही बांधकामाखालच्या घरावर ५ टक्के (परवडणाऱ्या घरांच्या गटात बसलं तर १ टक्का) जीएसटी लागतो, तो पूर्ण झालेल्या घरावर नाही. आणि जे घर उभंच नाही त्याचं भाडं कुणालाच माहीत नसतं.

कराराबद्दल दोन शब्द. मुंबईतल्या पागडीच्या गोष्टी ऐकून अनेकांना वाटतं, भाडेकरू ठेवला की घर गेलं. लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) नोंदवलेला असेल तर तसं होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज इथे चुकीचा आहे. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. नोंदवला असेल तर मुदत संपल्यावर घर सोडलं नाही म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. खर्च किती? १७ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर मुद्रांक पाचशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंटचा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दहा मिनिटांत काम होतं. त्याच दिवशी भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा.

करांत तीन गोष्टी आधी समजून घ्या. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असाल तर मिळकत करात ४० टक्के सवलत असते. भाड्याने दिलं की ती जाते, म्हणून विकणाऱ्याची पावती बघून अंदाज बांधू नका. दुसरं, आयकरात मिळालेल्या भाड्यातून मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च काहीही असो, आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. सुरुवातीच्या वर्षांत व्याज भाड्याहून जास्त असल्याने तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत तो दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर 'कर वाचेल' हा मुद्दा एजंटने कितीही ताणला तरी तुमच्या हिशोबातून काढून टाका. तिसरं, खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४५ लाखांवर ४५ हजार वाचतात. मात्र पैसे नवऱ्याचे असतील तर भाडं त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

दुकानाच्या गाळ्याला टक्का जास्त मिळतो हे खरं आहे, पण गाळा रिकामा झाला की वर्षभरही रिकामा राहतो. पहिल्या खरेदीला तो नको.

तुमच्या बावीस लाखांचं काय करायचं ते सांगते. त्यातले चार लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. सहा महिन्यांचा हप्ता, मेंटेनन्स आणि एक मोठी दुरुस्ती त्यातून भागेल. उरलेल्या अठरा लाखांत ४५ लाखांपर्यंतचा वन बीएचके बसतो: बँकेचे ३६ लाख, तुमचे नऊ लाख आणि वरचे पाच लाख पंच्याऐंशी हजार. त्यानंतरही तीन लाख शिल्लक राहतात, ते कर्जात भरून टाका. म्हणजे हप्ता २९ हजारांच्या खाली येईल आणि तुम्हाला दर महिन्याला साधारण अठरा-एकोणीस हजार घालावे लागतील. पगारातून ते झेपतात का, हे आत्ताच तपासा. पुढचे सहा महिने दर महिन्याच्या एक तारखेला तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवत जा. मध्ये एकदाही ती परत काढावी लागली नाही तर तुम्ही तयार आहात.

या सहा महिन्यांत दोनच परिसर निवडा आणि त्यातले तीस फ्लॅट बघा. टोकन कुणालाही देऊ नका, चेकबुक घरी ठेवून जा. प्रत्येक फ्लॅटच्या पानावर मागणी, वॉचमनने सांगितलेलं भाडं, पडती किंमत भागिले भाडं, सकाळी सातचं पाणी आणि कपाटामागची भिंत एवढंच लिहा. विसाव्या फ्लॅटच्या आसपास दारातून आत शिरतानाच तुम्हाला भाडं सांगता येऊ लागेल.